नवऱ्याच्या कागदांवर टिकणारा परवाना: यात रडण्यासारखं काय आहे?

माहीमकरीण

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एका काकांनी लांबलचक पोस्ट टाकली. सार असं, की लग्न करून परदेशी जाणाऱ्या मुलींना सगळं आयतं मिळतं, फी नवरा भरतो, आणि तिथे राहण्याचा परवाना वाढवायची वेळ आली की त्या माहेरी फोन करून रडतात. 'फॉर्म भरायचा, कागद जोडायचे, पैसे भरायचे. लायसन रिन्यू करताना कोणी रडतं का?' असं त्यांनी विचारलंय. आईला त्यांच्याशी रोज बोलावं लागतं, म्हणून तिथे गप्प बसले आणि इथे लिहितेय.

माझी धाकटी बहीण ब्रिटनमध्ये आहे. नवरा तिथला नागरिक. पहिला व्हिसा 33 महिन्यांचा, मग 30 महिन्यांची मुदतवाढ, पाच वर्षं भरली की कायमच्या वास्तव्याचा अर्ज. मुदतवाढीला एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो. दोन वर्षांत विखुरलेली सहा पत्रं किंवा बिलं, किमान तीन वेगळ्या ठिकाणांहून आलेली, दोघांच्या नावावर. तशी नसतील तर प्रत्येकाच्या नावाची वेगळी चालतात, पण पत्ता एकच हवा. आता घराचा करार त्याच्या नावावर, वीज-गॅस त्याच्या नावावर, काउन्सिल टॅक्स, म्हणजे तिथला घरपट्टीसारखा कर, तोही त्याच्या नावावर. 'माझंही नाव घाल' म्हटलं की 'तुला कशाला त्या भानगडी?' उत्पन्नाचा पुरावा म्हणजे त्याच्या पगाराच्या स्लिपा आणि त्याच्या बँकेची स्टेटमेंटं. त्याने कधी हात उगारला नाही. पण भांडण झालं की एकच वाक्य यायचं, 'अर्जाची तारीख जवळ आलीय, लक्षात ठेव.'

2025 च्या एप्रिलपासून या मुदतवाढीची फी 1,321 पौंड होती. वर आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 पौंड, तोही अडीच वर्षांचा एकदम. आपल्या पैशांत चार लाखांच्या वर गेलं. अर्ज केल्यावर बाबांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं. निकाल लागायच्या आत ती ब्रिटनबाहेर पडली असती तर अर्ज मागे घेतला असं धरलं असतं. ती आली नाही. बाबा बरे झाले, पण आयसीयूबाहेर व्हिडिओ कॉल धरून मी उभी होते आणि ती पलीकडे रडत होती. काकांना हेच रडणं खटकतंय.

ठाणे_पूर्व

ताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही एका वाईट नवऱ्याचा दोष कायद्याला लावताय. माझा भाऊ लंडनला आहे, वहिनी इथली. 2024 च्या एप्रिलमध्ये जोडीदाराच्या व्हिसासाठी वार्षिक उत्पन्नाची अट 18,600 वरून 29,000 पौंडांवर नेली, तेव्हापासून त्याची झोप उडालीय. चांगली नोकरी चालून आली होती, ती सोडली, कारण एकाच मालकाकडच्या सहा महिन्यांच्या स्लिपा दाखवल्या की अर्ज सोपा जातो. तो पण बांधलेलाच आहे ना? त्याच्यासाठी कोण धागा काढतं? आणि घाई असेल तर जादा हजार पौंड भरून लगेच निर्णय मागता येतो. शिवाय बायको तिथे कायदेशीर नोकरी करत असेल तर तिचाही पगार धरतात. तुमच्या बहिणीने नोकरी का केली नाही?

माहीमकरीण

कारण पदरात तान्हं मूल होतं आणि तिथलं पाळणाघर तिच्या पगारापेक्षा महाग पडलं असतं. जादा हजार पौंड कुणाच्या खात्यातून गेले असते, हे तुम्हीच सांगा. आणि तुमच्या भावाने 11 एप्रिल 2024 च्या आधी त्याच बायकोचा पहिला अर्ज केला असेल, तर मुदतवाढीला जुनी 18,600 चीच अट लागते. हे त्याला आजच कळवा.

ठाणे_पूर्व

तारीख बघून घेतो. हे जर खरं असेल तर त्याने नोकरी उगाच सोडली. ठीक आहे, हा मुद्दा तुमचा. बाकीचे नाहीत.

पार्लेकर_60

सगळे देश एका पारड्यात टाकू नका. माझी मुलगी जर्मनीत आहे, जावई ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर. तिला जर्मन भाषेच्या ए-वन या पहिल्या पातळीच्या परीक्षेतून सूट होती, आणि पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा. शेजाऱ्यांच्या मुलीचा नवरा जर्मन नागरिक, तिला मात्र काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात जाऊन परीक्षा द्यावी लागली. जर्मनीत एकत्र संसाराची तीन वर्षं झाली की पत्नीला स्वतंत्र वास्तव्याचा हक्क मिळतो. 2011 पर्यंत ही अट दोन वर्षांची होती. तीन वर्षांच्या आत वेगळे झालात तर परवान्याची मुदत कमी करू शकतात. फार हाल होत असतील तर अपवाद आहे, पण ते सिद्ध करणं आलं. म्हणजे माहीमकरीण म्हणतात ती भीती पहिल्या तीन वर्षांपुरती खरी आहे.

आमचा त्रास वेगळाच झाला. परवाना सहसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत, म्हणून आधी पासपोर्ट नवा करायला घेतला. तेव्हा सासरच्यांच्या आग्रहाने नाव बदललं. पूर्वी नाव, वडिलांचं नाव, आडनाव. नंतर नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. मुंबई विद्यापीठाची पदवी जुन्या नावावर, परवान्याचं कार्ड जुन्या नावावर, बँक जुन्या नावावर, पासपोर्ट नवा. परवान्याच्या खिडकीवरच्या बाईंना वाटलं या दोन वेगळ्या स्त्रिया आहेत. शिवाय मधलं नाव पासपोर्टवर पहिल्या नावाच्याच रकान्यात जातं, त्यामुळे तिकडचे लोक तिला तिच्या आणि नवऱ्याच्या नावाने एका दमात हाक मारतात. नाव बदललं नसतं तर हे काहीच झालं नसतं.

गिरगावची_सून

झालं, शेवटी खापर सासरवर! काका, नाव बदलणं ही आपली रीत आहे. मी लग्नात तांदळावर लिहिलेलं नाव घेऊन इतकी वर्षं जगले. रेशनकार्ड, पॅन, बँक, सगळं बदललं, एकदाही अडलं नाही. मुलींना परदेश हवा, नवऱ्याच्या नावावर मिळणारा परवाना हवा, फक्त त्याचं नाव नको.

वसईवाली

अहो ताई, तुमचं रेशनकार्ड वाचणारा माणूस मराठी होता! त्याला ठाऊक होतं की लग्नानंतर मधलं नाव बदलतं. परक्या देशातल्या कारकुनाने ते कुठून ओळखावं? पासपोर्टवर नाव बदलायची सक्ती कधीच नव्हती. 2017 मध्ये पंतप्रधानांनी इंडियन मर्चंट्स चेंबरच्या महिला शाखेपुढे हेच जाहीर सांगितलं होतं, आणि ही शाखा आपल्या मुंबईचीच. तरी सासूबाई विचारतातच, 'पासपोर्ट आमच्या नावाचा कधी करणार?'

गिरगावची_सून

सासूबाई विचारतात कारण त्यांना माया असते. माझ्या सासूबाईंनी माझं नवं नाव स्वतः निवडलं होतं. त्या गेल्या, नाव राहिलं. तुम्ही त्याला नुसता कागद म्हणता म्हणून राग येतो.

वसईवाली

मायेला मी नावं ठेवली नाहीत. माझ्याही आईने बाबांचं नाव आनंदाने लावलं. पण नाव घरात लावा, पत्रिकेवर लावा, दारावरच्या पाटीवर लावा. पासपोर्टला हात लावला की व्हिसा, पदवी, अनुभवाचं पत्र, सगळ्यांची जुळवाजुळव मुलीलाच करावी लागते. सासूबाई त्या रांगेत उभ्या राहत नाहीत.

मुलुंडचा_जावई

सगळ्यांनी 'मुली, मुली' लावलंय. मी पुरुष आहे आणि बायकोच्या व्हिसावर अमेरिकेत राहिलो. तिचा एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, माझा एच-फोर, म्हणजे तिच्या जोडीदाराचा. जोडीदाराला कामाचा परवाना 2015 च्या नियमाने मिळतो, तोही सगळ्यांना नाही, ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोचली असेल तरच. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की जुन्या परवान्यावर काम चालू ठेवता यायचं. 30 ऑक्टोबर 2025 पासून केलेल्या अर्जांना ती आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली. माझं कार्ड संपलं त्या दिवशी नोकरी थांबली. मालक चांगला होता, पण त्याचाही नाइलाज. मुलुंडला आलो तर मामा म्हणाले, 'बायकोच्या जिवावर किती दिवस?' बायको माझ्याशी कधीच वाईट वागली नाही. तरी साधी भाजी आणायला तिचं कार्ड वापरताना जीव कसनुसा व्हायचा. नवरा वाईट असेल तरच त्रास होतो, हे ठाणेकरांचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

ठाणे_पूर्व

तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण प्रत्येक देशाला आपले नियम करायचा हक्क आहे. खोटी लग्नं होतात, त्यांना आळा नको घालायला? अटी मान्य नसतील तर जाऊ नका, मुंबईत काय कमी आहे?

माहीमकरीण

'जाऊ नका' हे बोलायला फार सोपं आहे हो. तुमच्या वहिनीला म्हणून बघा. खोटी लग्नं पकडा, माझी ना नाही. पण खऱ्या लग्नातल्या बाईच्या डोक्यावर टांगती तलवार कशाला? ब्रिटनमध्ये घरात छळ झाला तर नागरिकाच्या जोडीदाराला स्वतंत्रपणे कायमचं राहण्याचा अर्ज करता येतो, ही सोय चांगली आहे. पण 'बिलावर नाव घालणार नाही' हा छळ आहे, हे ती कुणाला आणि कसं पटवणार?

वसईवाली

आणि आपण तरी कुठे वेगळे? माझी वहिनी पोलंडची, भावाशी लग्न करून मुंबईत आली. तिचा एक्स व्हिसा, म्हणजे भारतीयाची बायको म्हणून मिळालेला, वाढवायचा तर भावाचं पत्र, भावाचं ओळखपत्र, भावाच्या नावाचं वीजबिल. अर्ज आता ऑनलाइन होतो, पण कागद नवऱ्याचेच. लग्न नोंदवून दोन वर्षं झाल्यावर ओसीआय कार्डासाठी, म्हणजे भारतात कितीही काळ राहू देणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करता आला, तेव्हा तिला जरा हायसं वाटलं. मग कळलं, की लग्नाच्या आधारावर मिळालेलं कार्ड घटस्फोट झाला तर रद्द होऊ शकतं. ती जेवताना एकदा सहज म्हणाली, 'मी इथे दहा वर्षं राहिले तरी तुमच्या भावाची पाहुणीच.' आई ताटावरून उठून गेली.

पार्लेकर_60

हे मला नवीन आहे. म्हणजे आपण जर्मनांना बोल लावायचा आणि घरी तेच करायचं.

ठाणे_पूर्व

त्याला मी अन्याय म्हणणार नाही. लग्नाच्या आधारावर मिळालेली गोष्ट लग्न मोडल्यावर जाणार. पण दहा वर्षं इथे राहिलेल्या बाईला तसं सोडू नये, एवढं मान्य. भावाचा पहिला अर्ज 2023 चा निघाला. त्याला कळवलंय.

दादरची_नवरी

माझं लग्न या डिसेंबरात आहे, नंतर मँचेस्टर. नवरा चांगला आहे, पण वाचून पोटात गोळा आला. आता काय करू? आणि पासपोर्टवर नाव बदलू की नको?

माहीमकरीण

पहिल्याच महिन्यापासून घराच्या करारावर आणि काउन्सिल टॅक्सवर तुझं नाव घालून घे. डॉक्टरकडे नोंदणी कर, त्यांची पत्रं येतील ती ठेव. स्वतःचं बँक खातं त्याच पत्त्यावर उघड. प्रत्येक पाकीट जपून ठेव. मुदत संपायच्या आत अर्ज गेला तर निकाल लागेपर्यंत तुझे हक्क चालू राहतात, तेव्हा तारीख स्वतःच्या फोनमध्ये टाक, नवऱ्याच्या नको. मुदतवाढीला लागणाऱ्या ए-टू पातळीच्या इंग्रजी परीक्षेचंही आधीच बघून ठेव. नवरा चांगला असेल तर त्याला यातलं काहीच खटकणार नाही.

ठाणे_पूर्व

सल्ला योग्य आहे. पण संसाराची सुरुवात पुरावे गोळा करत करायची, हे मला पटत नाही.

माहीमकरीण

मलाही पटत नाही. पुरावे ती मागत नाहीये, तिथलं सरकार मागतंय.

वसईवाली

नाव अजिबात बदलू नको.

गिरगावची_सून

मी म्हणते, बदल. पण बदलायचं तर व्हिसाचा अर्ज करायच्या आधी, लग्नाच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवून. नाहीतर मग राहू दे तसंच. सासूबाईंना मी समजावते, नंबर पाठव.