शब्दचर्चा : ‘रिअल टाइम’ला मराठीत काय म्हणायचं?

विचारणा
प्युअर डेटा शिकवायची मराठी टिपणं लिहितोय. (आवाज नि चित्र चालू कार्यक्रमात घडवायचं फुकट सॉफ्टवेअर, मिलर पकेट यांचं, १९९६ पासूनचं.) पहिल्याच पानावर अडलोय. ‘रिअल टाइम’ला ‘वास्तव वेळ’ लिहिलं तर वाचणारा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघेल. ‘तत्काळ’ चालेल? आणि ‘पॅच’, ‘इंटरॅक्टिव्ह’ यांचं काय करू?

प्रतिसाद १
‘तत्काळ’ म्हटलं की मला रेल्वेचं तिकीट आठवतं. ‘पॅच’ म्हणजे ठिगळ, पण तसं लिहू नका हो!

प्रतिसाद २
ठिगळाशी इथं संबंधच नाही. जुन्या मॉड्युलर सिंथेसायझरचे (विजेवर आवाज घडवणाऱ्या सुट्या भागांच्या वाद्याचे) भाग एकमेकांना वायरींनी जोडायचे, त्या वायरी म्हणजे पॅच कॉर्ड. प्युअर डेटात पडद्यावर चौकोन मांडून रेषांनी जोडतात, ती तीच जोडाजोड. मी ‘जोडणी’ म्हणेन. नाहीतर ‘पॅच’च ठेवा, क्रियापदं मराठी आली की झालं : पॅच जोडला, तार ओढली, तार काढली.

‘तत्काळ’ला माझाही विरोध, पण कारण वेगळं. तत्काळ म्हणजे लगेच. रिअल टाइमचा मुद्दा वेग नाही, मुदत आहे. प्युअर डेटा एरवी आवाजाचे ६४-६४ नमुने (सॅम्पल, म्हणजे क्षणाक्षणाला मोजलेले आकडे) एका वेळी हिशेबाला घेतो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर प्रत्येक घासाला जेमतेम १.४५ मिलिसेकंद मिळतात. बफर (पुढचा थोडा आवाज साठवून ठेवणारी जागा) थोडं सांभाळून घेतो, पण हिशेब सतत मागे पडायला लागला की स्पीकरमधून ‘टक्’ ऐकू येतंच. आधी करून ठेवावं तर माइकमधून पुढे काय येणार ते ठाऊक नसतं. याला आपल्याकडे सरळ शब्द आहे : वेळच्या वेळी.

गंमत म्हणजे १९५७ साली मॅक्स मॅथ्यूजनी संगणकाकडून संगीत करवून घेतलं ते असं नव्हतंच. गणित आधी व्हायचं, टेपवर साठायचं, वाजायचं मागाहून. पकेटनी पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत ऐंशीच्या दशकात जे सॉफ्टवेअर लिहिलं त्याला नाव मात्र याच मॅथ्यूजवरून पडलं, मॅक्स.

प्रतिसाद ३
‘वेळच्या वेळी’ पटलं, पण विशेषण कसं करणार? ‘वेळच्या-वेळीचं चित्र’ कानाला खटकतं.
‘इंटरॅक्टिव्ह’ला सरकारी छापाचं ‘संवादी’ अजिबात नको. तुमचे अर्धे विद्यार्थी गाणारे असतील. त्यांच्या लेखी संवादी म्हणजे रागातला वादीखालोखाल महत्त्वाचा स्वर. हात हलला की आवाज बदलतो ना? मग ‘हातासरशी’ म्हणा.

प्रतिसाद २
विशेषण हवंच असेल तिथं ‘रिअल टाइम’ लिहा, काही बिघडत नाही. पहिल्यांदा येईल तिथं एक ओळ समजावून द्या.

विचारणा करणारा
वाक्य असं केलंय : ‘तार ओढा, आवाज हातासरशी बदलेल; हिशेब मात्र वेळच्या वेळी झाला पाहिजे.’
आणखी एक. चौकोनाच्या वरच्या कडेला ‘इनलेट’ असतात, त्यांना ‘कान’ म्हणू का? बेरजेच्या चौकोनाच्या उजव्या कानात आकडा सांगितला तर तो नुसता लक्षात ठेवतो, डाव्या कानात सांगितला की बेरीज करून बाहेर टाकतो.

प्रतिसाद १
कान झकास! मग ‘बँग’ला (चौकोनाला ‘चल, कर’ सांगणाऱ्या संदेशाला) ‘ठोका’ म्हणा. डाव्या कानात ठोका दिला की चौकोन कामाला लागतो.