हिरा घेताना व्हीव्हीएसच्या मागे लागू नका, कट बघा
एकाने विचारलंय, तेवढ्याच बजेटमध्ये ३० सेंटचा (१०० सेंट म्हणजे १ कॅरेट) व्हीव्हीएस हिरा घ्यावा की ४० चा व्हीएस. या दोन्ही हिऱ्याच्या स्वच्छतेच्या श्रेणी, व्हीव्हीएस वरची. खुशाल व्हीएस घ्या. या दोन्हींतला फरक १० पटीच्या भिंगाखाली शोधावा लागतो. नुसत्या डोळ्यांना दोन्ही स्वच्छच. पण कटमध्ये, म्हणजे हिरा कसा कापलाय त्यात, तडजोड नको, सगळी चमक तिथेच आहे. खडा फार खोल कापला असेल तर वजन बुडाशी दडतं, उजेड खालून निसटतो आणि ४० सेंटचा हिरा वरून ३५ चा दिसतो. म्हणून मिलिमीटर विचाराच: गोल १ कॅरेट साधारण ६.५ मिमी, ५० सेंट ५.१ च्या आसपास. पिवळ्या सोन्यात एच किंवा आय रंगही (डी म्हणजे बिनरंग, पुढच्या अक्षरांत पिवळी झाक वाढते) पांढराच वाटतो.

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर एस्टिमेट घेताना ‘एकूण ५० सेंट’ दिसलं तर थांबा. त्यात बाजूचे बारके खडेही धरलेले असतात. मधल्या हिऱ्याचं वजन वेगळं लिहून घ्या. हॉलमार्क फक्त सोन्याचा. हिऱ्याला जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचं सर्टिफिकेट हवं. हिऱ्याच्या कडेवर लेसरने नंबर कोरलेला असेल तर तो हिरा जडवण्याआधीच भिंगातून सर्टिफिकेटशी जुळवा, नंतर तो कोंदणाखाली झाकला जाऊ शकतो. आणि नैसर्गिक की लॅबमधला, हे बिलावर लिहून घ्याच. दुकानातला साधा टेस्टर दोन्हींना हिराच म्हणतो.