गच्चीवरचं चिकन आणि कोरडा मसाला : सोसायटी ग्रुपवरून

बी-३०४ : शनिवारी गच्चीवर शेगडी आहे. ५ किलो लेगपीस आणतोय. दह्यातलं नको, या वेळी ड्राय रब, म्हणजे कोरडा मसाला चोळून. घरचा कांदा-लसूण मसालाच चोळला तर?

ए-१०२ काका : अजिबात नको. त्यात खोबरं, तीळ, कांदा, सगळं आधीच भाजलेलं. रश्श्यात ते निभावून जातं, निखाऱ्यावर दुसऱ्यांदा भाजलं की कडू होतं. गोड्या मसाल्याचंही तेच.

बी-३०४ : मग प्रमाण सांगा ना काका.

ए-१०२ काका : हाडासकट १ किलोला : काश्मिरी मिरचीपूड २ मोठे चमचे, धणे १ मोठा. जिरे, मिरी, लसूण पावडर, आमचूर प्रत्येकी १ छोटा. सुंठ अर्धा छोटा. सगळे सपाट. धणे-जिरे-मिरी तव्यावर फक्त ओल जाईपर्यंत फिरवा, रंग बदलता कामा नये. गार झाल्यावर मिक्सर थांबत थांबत फिरवून रव्याइतपत जाडसर. पिठासारखं बारीक केलंत तर चिकनच्या पाण्यात चिखल होतो आणि तोच आधी करपतो. ओलं आलं-लसूणही याच कारणासाठी नको.

डी-२०१ : मीठ लिहायचं राहिलं 😀

सी-५०१ ताई : राहिलं नाही, ते मसाल्यात घालायचंच नाही. मिठाचं प्रमाण मांसाच्या वजनावर ठरतं, मसाल्याचं चवीवर. एकत्र केलं की मसाला हात सोडून लावला तर खारट, बेताने लावला तर अळणी. हाडासकट किलोला १२ ग्रॅम, बोनलेसला १५. काटा नसेल तर बारीक मिठाचे २ छोटे चमचे सपाट म्हणजे साधारण १२ ग्रॅम. खडेमीठ चमच्याने मोजू नका, चमच्यात कमी बसतं.

डी-२०१ : आणि लावायचं कधी?

सी-५०१ ताई : मीठ आदल्या रात्री. चिकन टिपून कोरडं करा, दोन-तीन चिरा द्या, मीठ चोळा आणि फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात खोल ताटात उघडंच ठेवा, म्हणजे वरून सुकतं. मीठ लावल्यावर पहिला अर्धा तास पाणी सुटतं. त्यात मसाला लावला तर वाहून जातो, शेगडीवर टाकलं तर भाजण्याऐवजी वाफवलं जातं. पुढे ते पाणी परत आत मुरतं. मसाला मात्र आत जातच नाही, वरच राहतो. त्यामुळे तो भाजायच्या अर्धा तास आधी लावला तरी पुरे. किलोला २ छोटे चमचे तेल चोळून घ्या, मग मसाला. मिरचीचा रंग-वास तेलात उतरतो.

ए-६०३ (ह्यूस्टन) : गूळ पावडर घालू का विचारणाऱ्यांसाठी : इथे टेक्सासात ब्रिस्केटला (गाईच्या छातीकडचं मांस) पुष्कळ जण फक्त मीठ आणि भरड मिरी लावतात. साखर घालतात ती मेम्फिस शहराच्या पद्धतीच्या रिब्जना (डुकराच्या बरगड्या). पण ते १०७ ते १२० अंश सेल्सिअसवर तासनतास धुरात ठेवतात, म्हणून साखर टिकते. १६० च्या पुढे तिचं कॅरमल व्हायला लागतं. उघड्या निखाऱ्यांची आच त्याहून खूप वर, साखर काळीच होणार. हवाच असेल तर गूळ पाण्यात पातळ करून शेवटची ५ मिनिटं ब्रशने लावा.

बी-३०४ : मागच्या वेळी वरून काळं, हाडापाशी कच्चं होतं.

ए-१०२ काका : निखारे शेगडीभर पसरलेले असणार. एका बाजूला ओढा. लेगपीस आधी निखारे नाहीत त्या बाजूला, वर मोठं पातेलं उपडं. ३५-४० मिनिटं, मध्ये एकदा उलटा. शेवटी २-३ मिनिटं थेट आचेवर. थर्मामीटर असेल तर हाडाला न लावता आत खुपसा. ७४ अंशांच्या खाली उतरवायचं नाही, लेगपीस ८० ला जास्त मऊ लागतो.

डी-२०१ : मटणाचे तुकडे असेच भाजले तर?

ए-१०२ काका : चिवट होतील. चाप घ्या, आणि कच्च्या पपईचा कीस किलोला १ मोठा चमचा, २ तास. जास्त वेळ ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो. मग पपई पुसून कोरडा मसाला.

ए-४०४ वहिनी : पनीरला हाच मसाला चालेल, मीठ किलोला १० ग्रॅमच. आणि जाळी वेगळी हं.

सी-५०१ ताई : मसाला बरणीतून वाटीत काढून घ्या. चिकनचा हात बरणीत नको, वाटीत उरेल तो टाकून द्या. पावसाळ्यात ही बरणी फ्रिजमध्ये.

कमिटी : गच्चीची चावी वॉचमनकडे. राख रात्रभर पत्र्याच्या डब्यात पाणी मारून ठेवा, मगच कचऱ्यात.