जिप्सी किंग २००६ : काय आधीच बदलून टाकावं आणि घरी काय काय जमेल?

काळीमाती_१३

नमस्कार मंडळी. गाडी मारुतीची जिप्सी किंग, २००६ ची, पेट्रोल एमपीएफआय (इंजेक्शनवाली), मीटरवर १ लाख ४१ हजार, एमएच १३ पासिंग. काकांची होती, त्यांचे गुडघे गेले तशी माझ्याकडं आली. २०२१ ला पंधरा वर्षं झाली म्हणून रिपासिंग केलं, आता ती पाच वर्षं पण संपली म्हणजे परत फिटनेसला न्यायचीच आहे. वापर म्हणाल तर आठवड्यातनं दोनदा मंगळवेढ्याकडं रानात आणि वर्षातनं एकदोन लांबचे दौरे.

झालं असं की कोजागिरीला तुळजापूरला निघालो होतो, तामलवाडीच्या अलीकडं बॉनेटमधनं वाफ. हीटरकडं जाणारा वीतभर रबरी पाईप, तो उभा चिरलेला. त्या रात्री अर्धं सोलापूर चालत निघालेलं असतं त्यामुळं ढकलायला माणसं कमी पडली नाहीत, पण जो तो जाता जाता "आईनं चालत बोलावलं होतं, तू गाडीत बसून आलास" एवढं ऐकवूनच गेला. सायकलची ट्यूब गुंडाळली, वर तार आवळली, लोकांच्या बाटल्यांतलं पाणी ओतलं आणि दर चारपाच किलोमीटरला थांबत घरी आणली.

पाईप किरकोळ पैशाचा हो, पण तेव्हापासनं डोक्यात बसलंय की असे अजून किती पाईप, सील, बेल्ट वीस वर्षांचे होऊन आत बसलेत. मिस्त्री म्हणतो "चालतंय तोवर चालू द्या की मालक", मित्र म्हणतो सगळं उघड आणि नवं टाक. मला दोन्ही पटंना. ऑईल, फिल्टर, प्लग घरीच करतो, त्याच्या पुढं गेलेलो नाही. एकदम पैसे घालायची ऐपत नाही, पगारातनं महिन्याला थोडं थोडं करत जाईन. सुरुवात कुठनं करू?

घोडी_लावा_आधी

भावा पाईप फुटला तो एकच बदललास ना? बाकीचे त्याचेच सख्खे भाऊ आहेत, एकाच वयाचे, एकाच बॉनेटखाली मे महिन्याचे ४३-४४ डिग्री खाल्लेले. गाडी थंड असताना एकेक पाईप चिमटीत दाबून बघ. दाबला की परत फुगला पायजे. कडक लागला, कुरकुर आवाज आला, क्लिपच्या शेजारी फुगवटा दिसला किंवा ऑईल पिऊन लिबलिबीत झाला असेल तर गेला समज. खरं सांगायचं तर दाबत पण बसू नको, रेडिएटरचे वरचा खालचा, हीटरचे, सगळे एकदम मागव, सोबत थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) आणि रेडिएटरची टोपी. टोपीला कुणी विचारत नाही पण तिची स्प्रिंग थकली की सिस्टीममध्ये प्रेशर राहत नाही आणि पाणी लवकर उकळतं. हे सगळं घरी होतं, एक रविवार जातो. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळ, आपल्याकडच्या बोअरचं पाणी घातलंस तर रेडिएटरच्या नळ्यांत तोच पांढरा थर बसंल जो तुमच्या गिझरमध्ये बसतो.

मी कुठल्या पार्टला हात लावायचा हे ठरवताना एकच बघतो, हा गेला तर काय होईल. नुसता आवाज येणार असेल तर येऊ दे, आला की बघू. रस्त्यात उभं राहायला लागणार असेल, इंजिन जाणार असेल किंवा माणूस जाणार असेल तर तो पार्ट वाट न बघता बदलायचा. या हिशोबानं तुझ्या गाडीत पहिला नंबर टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनातले क्रँक आणि कॅम हे दोन दांडे जुळवून फिरवणारा रबरी पट्टा. काकांना विचार कधी बदलला. बिल सापडलं तर ठीक, "बदललाय वाटतं" असं उत्तर आलं तर बदललेला नाही असंच धर. लाखाच्या आसपास बदलायचा असतो, आणि रबर किलोमीटरनं नाही मेलं तर वयानं मरतं. बेल्ट काढलाच आहे तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरतो तो), कॅम आणि क्रँकची ऑईल सीलं त्याच वेळी टाक, परत तेवढंच सगळं उघडायची मजुरी वाचते. पहिल्या वेळी मिस्त्रीकडनं कर पण शेजारी उभा राहा. खुणा जुळवून बेल्ट बसला की किल्ली मारायच्या आधी पान्यानं इंजिन हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि खुणा परत जुळतात का बघायच्या. मिस्त्री घाईत असंल आणि हे करणार नसंल तर तू कर म्हणून सांग.

गिअर ऑईल, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), दोन्ही डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधली गिअरपेटी), यांचं ऑईल घरी बदल. एक गोष्ट लक्षात ठेव, भरायचा नट आधी उघडायचा, सांडायचा नंतर. मी पहिल्यांदा उलटं केलं, जुनं ऑईल सगळं खाली आणि वरचा नट गंजून बसलेला, गाडी तीन दिवस अंगणात आणि मी बसनं ऑफिसला. गिअरबॉक्सला जीएल-४ घाल, डिफरन्शियलला जीएल-५ (हे गिअर ऑईलचे दर्जे). दुकानदार "एकच डबा सगळीकडं चालतो" म्हणंल, ऐकू नको, जीएल-५ मधली केमिकलं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगा (गिअर अलगद पडायला मदत करतात त्या) खाऊ शकतात.

आणि नावातच सांगितलंय, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. घोडी, म्हणजे गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड, लावायची. सिमेंटचा ब्लॉक ही घोडी नव्हे, तो सांगून फुटत नाही.

लेथवाले_अप्पा

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त एक मुद्दा राहिला. नवीन म्हणजे चांगलं असं काही नसतंय बाळा. माझ्या गाडीचा वॉटर पंप काही तक्रार नसताना मी बदलला, का तर बेल्ट काढलाच आहे म्हणून. खोका ओरिजनलचा, छपाई ओरिजनलची, आत काय होतं देव जाणे. चार हजार किलोमीटरमध्ये खालच्या भोकातनं टिपटिप सुरू, परत सगळं उघडलं, परत मजुरी. जुना पंप मी भंगारात दिला होता, त्याचं वाईट अजून वाटतं. तो हातात जड लागायचा, नवा हलका होता, चाळीस वर्षं लोखंडात हात घालणाऱ्या माणसाला तेवढ्यावरनं कळायला पाहिजे होतं.

तर नियम असा ठेव की जुना ओरिजनल पार्ट धडधाकट निघाला तर तो पुसून, कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून घरात ठेवायचा. बेअरिंग घेताना गाडीचं नाव सांगून घेऊच नको, जुन्या बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा आणि नामांकित कंपनीचं माग. ऑईल सीलचं पण तसंच, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, तिन्ही आकडे सीलवरच असतात. स्पेअरवाल्याकडं गाडीच्या नावानं मागितलं की जे रॅकमध्ये असंल ते तो गळ्यात मारतो, त्याचा पण दोष नाही, त्याला दुकान चालवायचंय.

तुझा मिस्त्री अगदीच चुकीचं बोलत नाही. गिअरबॉक्स आवाज करत नसेल, गिअर नीट पडत असतील तर ऑईल बदल आणि गप बस. हौस म्हणून उघडलेला गिअरबॉक्स पहिल्यासारखा बसतोच असं नाही.

रविवारचा_रायडर

विकून टाक बे आणि थार घे. एसी लागतो, पाठ धरत नाही, बायको पण बसते.

काळीमाती_१३

थारचा हप्ता तू भरणार असशील तर उद्याच जाऊ शोरूमला 😄

काकांना विचारलं. बेल्टचं बिल नाही आणि उत्तर शब्दशः "बदललाय वाटतं" असंच आलं.

होटगी_रोडवाली

ब्रेकबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल ओढून घेतं, मग उतारावर ब्रेक तापला की त्याच पाण्याची वाफ होते आणि पेडल तळाला जातं. दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी चालली तरी. बाबा आणि मी घरीच करतो, ते पेडलवर, मी खाली नळी आणि बाटली घेऊन. मास्टर सिलिंडरपासनं (पेडल दाबलं की फ्लुइड ढकलतो तो) लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. मी "दाब", ते "दाबलं", मी निपल (चाकापाशी हवा काढायची छोटी तोटी) सोडून परत आवळते, मग "सोड". निपल उघडं असताना पेडल सोडलं की हवा आत गेलीच, बाबांनी दोनदा सोडलंय आणि दोन्ही वेळा दोष माझाच निघालाय. वरची बाटली रिकामी होऊ द्यायची नाही आणि फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवायचं, रंग सोलून काढतं ते. मागचे ड्रम उघडाल तेव्हा व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा, आत ओल दिसली तर सिलिंडर बदला, नुसते लायनर टाकून उपयोग नाही. ब्रेकचं काम पहिल्यांदा करताना जाणकार माणूस शेजारी पाहिजेच, यात हिरोगिरी नको.

दुसरं म्हणजे पेट्रोलचे पाईप. आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, २००६ च्या गाडीचं रबर त्या हिशोबानं बनवलेलंच नव्हतं. टाकीपासनं इंजिनपर्यंत जिथं जिथं रबरी तुकडा आहे तो बदला. वर एसएई जे३० आर९ छापलेला पाईप घ्या, तो इंजेक्शनच्या प्रेशरचा असतो. साधा मीटरवर मिळणारा पाईप तिथं अजिबात नको. सकाळी गाडीपाशी गेल्यावर पेट्रोलचा वास येतो का? येत असेल तर बेल्टच्या आधी हे करा.

काळीमाती_१३

तीन आठवड्यांनी अपडेट. पेट्रोलचा वास येत होता. मी त्याला जुन्या गाडीचा वास समजत होतो. टाकीपाशी जो तुकडा आहे तो वाकवला तर चिरा अशा उघडल्या जशी उन्हाळ्यात आमच्या रानातली जमीन. ते पाईप, पाण्याचे सगळे पाईप, टोपी, थर्मोस्टॅट झालं. बेल्ट मिस्त्रीकडनं करून घेतला, दोन फेरे मी स्वतः फिरवले, त्यानं हसून घेतलं पण थांबला. वॉटर पंपला ओल नव्हती, आस हलत नव्हता, अप्पांचं ऐकून जुनाच ठेवला.

मग हाव सुटली. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला जो वाटोळा गोळा असतो त्याच्यावर कायम ओलसर काळा थर असायचा, मला वाटायचं रानातला चिखल. घोड्या लावल्या, चाक काढलं, कॅलिपर सोडून तारेनं वर टांगला, हब काढला, ॲक्सल ओढला, तर आतनं ग्रीस आलंच नाही. पातळ पिठल्यासारखं राखाडी काहीतरी भसकन बाहेर आलं, थेट माझ्या बाहीत. बोटात चोळलं तर वास गिअर ऑईलचा आणि मध्येच कचकच. हे काय आहे?

घोडी_लावा_आधी

ॲक्सलच्या नळीच्या तोंडाशी आतलं ऑईल सील असतं ते गेलंय. डिफरन्शियलचं ऑईल त्यातनं गोळ्यात येतं आणि ग्रीस पातळ करतं. कचकच म्हणजे तुझी काळी माती. गोळ्यावर चिखल वाळतो, चाक वळवलं की बाहेरच्या सीलवर घासतो, सील कापतं आणि माती आत. लोक काय करतात, वरनं अजून ग्रीस भरतात, महिन्याभरात परत तेच पिठलं. आतलं सील, बाहेरचं सील, दोन्ही नवीन टाक. सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी ॲक्सल फिरता ठेवणारा सांधा) रॉकेल नाहीतर डिझेलनं धुऊन गोळ्या आणि खाचा उजेडात बघ, खड्डे नसतील तर नवं ग्रीस भरून तोच वापर.

एवढं उघडलंच आहेस तर किंगपिनची (जिच्यावर चाक डावीउजवीकडं वळतं ती पिन) वरची खालची बेअरिंगं पण बघ. ६०-७० ला खड्डा आला की स्टेअरिंग थरथरतं का तुझं? त्याचं कारण बऱ्याचदा तिथंच असतं आणि लोक उगाच चाकं बॅलन्स करत बसतात. पिनच्या टोपणाखाली पातळ पत्र्याच्या शिमा असतात, कुठली वरची कुठली खालची हे लिहून ठेव, मिसळू नको. बसवताना नकल (चाक धरणारा वळता भाग) किती घट्ट फिरतोय ते ताणकाट्यानं ओढून बघायचं.

आणि डिफरन्शियलचं ऑईल तपास, तेवढं बाहेर आलंय म्हणजे आत तेवढं कमी आहे.

लेथवाले_अप्पा

सील ठोकताना त्याच मापाचा पाईपचा तुकडा वर ठेवून सरळ ठोक. हातोडी थेट सीलवर मारलीस तर तिरकं बसंल आणि परत बाही भरंल. पाईप नसंल तर ये लेथवर, कापून देतो.

काळीमाती_१३

थरथरतं, दोन वर्षं थरथरतंय, दोनदा बॅलन्सिंगचे पैसे दिलेत. अप्पा, शनिवारी येतो. डावी बाजू या रविवारी, उजवी पुढच्या महिन्यात पगार झाला की. ताणकाटा आहे का कुणाकडं? आमच्या घरचा काका कडब्याच्या पेंढ्या मोजायला वापरायचे, त्याची स्प्रिंग त्यांच्या गुडघ्यासारखीच झालीय.

होटगी_रोडवाली

आमच्याकडं आहे, घेऊन जा. ग्रीस पुसून परत द्या, बाबा त्याच्यावर गॅस सिलिंडरचं वजन करतात.