कंत्राटी माणसावर सरकारचे जातात किती, त्याच्या हातात पडतात किती?

सातपूरकर
परवा नाशिकमधल्या एका सरकारी कार्यालयात दाखल्यासाठी गेलो होतो. टेबलावरची कंत्राटी ताई सहा वर्षं तिथेच, तेच काम करते. तेवढ्या काळात तिला कामावर ठेवणाऱ्या तीन एजन्सी बदलल्या. गळ्यातलं ओळखपत्र नवं, बाकी सगळं जुनं. यंदा मार्चनंतर नवी निविदा रखडली आणि तिचा दोन महिन्यांचा पगार थकला.
हिशेब करून बघा. पगार 15,000 धरा. मालकाच्या वाट्याचा पीएफ 13 टक्के आणि ईएसआय (कामगार विमा) 3.25 टक्के मिळवले की 17,437. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 20,576. एजन्सीचं कमिशन आणखी वेगळं. कपात होऊन ताईच्या हातात जेमतेम 13,000. यात सरकारने वाचवलं काय?

गंगापूर रोडकर
हिशेब अर्धवट आहे. पीएफ ताईंच्याच खात्यात जातो, जीएसटी सरकारकडेच परत येतो. खरा वाद कमिशनपुरता.
आणि पर्याय काय? महापालिकेला आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्त्यांचा खर्च, 35 टक्क्यांच्या आत ठेवायचा आहे. 2027चा सिंहस्थ तोंडावर आलाय. रामकुंडावर झाडायला कायम माणसं घेतली, तर मेळा उठल्यावर त्यांना तीस वर्षं कुठे लावणार?

पंचवटीची लेक
सिंहस्थाचं एकदम मान्य. साधूंच्या मुक्कामाचं साधुग्राम काही महिन्यांचं, माणसंही तेवढीच लागणार.
पण आश्रमशाळेत मास्तर दर जूनला लागतो! 2025च्या पावसाळ्यात रोजंदारीवरचे लोक इथल्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले, ते या बाह्यस्रोत भरतीविरुद्धच. 2023च्या सप्टेंबरात नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर निघाला, बोंब झाल्यावर ऑक्टोबरात मागे घेतला. तरी मागच्या दाराने तेच चाललंय.

गंगापूर रोडकर
आई दवाखान्यात होती तेव्हा रात्री सलाईन बदलायला येणारी नर्स कंत्राटीच होती. कायम भरतीची वाट बघत बसलो असतो, तर त्या वॉर्डात कोणी नसतं. मी ठेकेदाराची बाजू घेत नाही, पण रिकामी खुर्ची त्याहून वाईट.

सातपूरकर
त्या नर्सचा पगार वेळेवर होतो का, एवढंच मी विचारतोय. ठेकेदाराने पगार थकवला तर मूळ मालकाने, म्हणजे काम करून घेणाऱ्या कार्यालयाने द्यायचा, ही तरतूद 1970च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. ताईला म्हटलं, साहेबांकडे लेखी अर्ज द्या. तिने आधी दाराकडे बघितलं, मग हळूच म्हणाली, "दादा, अर्ज दिला तर नव्या एजन्सीच्या यादीत माझं नाव येईल का?"