दोन नेकांचं शो-बड पेडल स्टील: १९६८ चं म्हणतात, खरंच आहे का?

कॅरीचा_हवाईयन

नमस्कार मंडळी. पुण्यात बाबांकडे हवाईयन गिटार शिकलो, त्यामुळे आडवी गिटार आणि हातातला स्टीलचा बार लहानपणापासूनचे. पेडलवालं वाद्य मात्र घरात पहिल्यांदाच आलंय. इथे नॉर्थ कॅरोलायनात, आमच्यापासून तासाभरावर, एका घरातलं सामान विकायला काढलं होतं. तिथून शो-बड कंपनीचं दोन नेकांचं पेडल स्टील आणलं. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "सासऱ्यांचं आहे, १९६८ चं. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स दोघांनी मिळून केलेलं."

प्रत्येक नेकवर १० तारा, खाली ८ पेडल, गुडघ्याने ढकलायचे ४ लिव्हर; दोन्हींनी तारांचे सूर बदलतात. अंग मेपलचं, पुढची कड गोलसर, नेक लाकडी. फ्रेटबोर्डवर बदाम, चौकट, किलवर, इस्पिक. टोनच्या पॉटवर (आवाजाचा पोत बदलणाऱ्या फिरत्या कळीच्या विद्युत भागावर) १३७७२३४ असा आकडा. उलटं करून पाहिलं आणि चक्रावलो. आतल्या सी-सिक्स्थ नेकखाली (सी-सिक्स्थ आणि ई-नाइन्थ ही दोन नेकांची तारा जुळवण्याची नावं) आडव्या दांड्यांवर छोटे कंस आहेत आणि त्यांत बसवलेले गोल बॅरल. बाहेरच्या ई-नाइन्थखाली त्यातलं काहीच नाही, तिथे दोन-दोन भोकांचे पुलर, म्हणजे तार ओढणाऱ्या दांड्या अडकवायचे भाग. एकाच वाद्यात दोन तऱ्हा कशा? साल कसं काढायचं? आणि ई-नाइन्थला जुने भाग शोधून बसवू का?

पाना_आणि_पेचकस

अभिनंदन, फार देखणं वाद्य मिळालंय. टेक्सासात तीसेक वर्षं ही वाद्यं उघडतोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

बाईंची दोन विधानं एकत्र बसत नाहीत. शो-बड हे नाव शॉट आणि बडी यांच्यावरूनच पडलं, पण बडी एमन्स साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच बाहेर पडले. त्यांनी रॉन लॅशली यांच्याबरोबर स्वतःची कंपनी काढली, ती तुमच्याच राज्यात, बर्लिंग्टनला. म्हणजे १९६८ च्या शो-बडवर एमन्सचा हात असणार नाही. सासऱ्यांनी सांगितलेलं घरात असंच फिरत राहतं, त्यात बाईंचा काही दोष नाही.

आता खालचं पाहू. शो-बडची ओळख वरच्या लाकडापेक्षा खालच्या यंत्रावरून पटते. सुरुवातीचं 'परमनंट': पेडलने कोणता सूर कुठे जावा हे एकदा जुळवलं की सहज बदलता यायचं नाही. मग 'फिंगरटिप'. साठच्या दशकाच्या अखेरीस बाल्डविन कंपनीच्या काळातलं 'क्रॉसओव्हर', ज्यात एक कळ फिरवली की पेडल एका नेकवरून दुसऱ्या नेकवर जायचं. तुमचे कंस आणि बॅरल त्यानंतरचे, 'प्रोफेशनल' आणि सुरुवातीच्या 'प्रो' मॉडेलांचे. दोन भोकांचे पुलर त्याहून पुढचे. गोल कडही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचीच, नंतर कड चौकोनी झाली. म्हणजे अंग आणि सी-सिक्स्थ एकमेकांना धरून आहेत. वेगळं पडलंय ते ई-नाइन्थ.

पॉटही तेच सांगतो. १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ७२ हे साल, ३४ हा आठवडा: ऑगस्ट १९७२. पण ही तारीख पॉटची. पॉट मूळचाच असेल तर वाद्य त्याआधी पूर्ण झालेलं नाही एवढंच त्यावरून ठरतं. त्यावरचा सोल्डरचा डाग (तारा जिथे वितळलेल्या धातूने जोडल्यात तो) नीट बघा. मूळ डाग सहसा गुळगुळीत असतो, पुन्हा तापवलेला असला तर बाजूला जळक्या रोझिनचा तपकिरी ओघळ दिसतो.

ई-नाइन्थखाली टॉर्च आडवा धरा, वरून नको. यंत्र बदलताना लाकडावरून काही भाग काढला असेल तर त्याच्या मापाचा फिकट चौकोन दिसेल, कारण झाकल्या लाकडाला धूळ-तेल लागलेलं नसतं. शेजारी बुजवलेली स्क्रूची भोकं शोधा.

गिरगावची_तार

एक शंका, दादा. बदलायचंच होतं तर दोन्ही नेक का नाही बदलले?

पाना_आणि_पेचकस

चांगला प्रश्न. हा माझा तर्क समजा. ई-नाइन्थवर वादकांची हौस कधी संपतच नव्हती. आज ई तार अर्ध्या सुराने उतरवणारा लिव्हर हवा, उद्या चढवणारा. बॅरलच्या रचनेत असा एक बदल वाढवायचा तर बरंच काही सुटं करावं लागतं. पुलरमध्ये दांडी अडकवली की झालं. सी-सिक्स्थला कुणी हात लावला नाही, म्हणून ते जसंच्या तसं राहिलं. नॅशव्हिलला ब्रॉडवेवर शो-बडचं दुकान होतं. रोज रात्री वाजवणारी माणसं तिथे वाद्य घेऊन जायची आणि सुधारून आणायची.

म्हणूनच सांगतो, ई-नाइन्थचे पुलर काढू नका. त्या माणसाने स्वतःच्या वाजवण्यासाठी ते करून घेतलंय. जुने कंस बसवून वाद्य १९७२ चं दिसेल, पण त्याची पुढची सगळी वर्षं पुसली जातील. माझ्या हातून एकदा असं झालं. खरखर करतो म्हणून एका फेंडरचा पॉट बदलला आणि जुना टाकून दिला. दहा वर्षांनी मालकाच्या मुलीने साल विचारलं, तेव्हा सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. तेव्हापासून काढलेला प्रत्येक भाग पाकिटात घालून केसमध्येच ठेवतो.

गिरगावची_तार

आमच्याकडे मींड फक्त बारने येते. पेडलने कशी येते, याचं कुतूहल आहे.

कॅरीचा_हवाईयन

ताई, पहिलं पेडल दाबलं की बी तार सी-शार्पला चढते, दुसऱ्याने जी-शार्प ए ला. बार जागचा हलत नाही, बाकीच्या तारा स्थिर राहतात आणि मधले दोनच सूर सरकतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबांना फोन लावून ऐकवलं.

दादा, काल रात्री टॉर्च आडवा धरला. ई-नाइन्थखाली पाच फिकट चौकोन आहेत, एका ओळीत. स्क्रूची भोकं लाकडाच्या काड्यांनी बुजवलीत, एक काडी जरा वर आलेली बोटाला लागते. पॉटचा डाग गुळगुळीत आहे. पुलर तसेच ठेवतोय. बाईंना फोन करून विचारणार आहे, सासरे कुठे वाजवायचे आणि त्यांचा एखादा फोटो आहे का. फोटोत खालची बाजू दिसणार नाही, पण लिव्हर किती आहेत ते मोजता येईल.