मदत हवी आहे: सॉफ्टवेअर आणि माहिती प्रणाली एकच ना? रविवारी सभा आहे

त्रस्त_सचिव (मुलुंड पूर्व)
मंडळी, घाईत लिहितोय, चुभूदेघे. आमच्या सोसायटीने बिलांसाठी सॉफ्टवेअर घेतलं. पत्रात 'माहिती प्रणाली' असा शब्द आहे. देणारा म्हणतो, सॉफ्टवेअर बसवलं, चालतंय, उरलेले पैसे टाका. खजिनदार म्हणतात, प्रणाली कुठाय? एक पैसा देऊ नका. मला तर दोन्ही एकच वाटतं. रविवारी वार्षिक सभा आहे, दोन ओळींत फरक सांगा, वाचून दाखवायचा आहे. पुस्तकी व्याख्या नकोत, त्या वाचून डोकं आणखी फिरलं.

बोरिवली_स्लो
किती फ्लॅट? किती पैसे अडकलेत? पत्र म्हणजे कार्यादेश की त्याचं कोटेशन? आणि 'चालतंय' म्हणजे नक्की काय चालतंय? माहिती न देता माहिती प्रणाली विचारताय :)

जुना_टॅलीवाला
टॅली घ्या, विषय संपला. डॉसच्या जमान्यापासून वापरतोय. सोसायटीचं वेगळं सॉफ्टवेअर हे सगळं फॅड आहे.

त्रस्त_सचिव
११२ फ्लॅट, दोन विंग. ९० हजारांत ठरलं, अर्धे दिलेत. चालतंय म्हणजे बिलं छापतं. पण चुकीची. ज्यांनी मागच्या महिन्यात पैसे भरले त्यांनाही थकबाकी आणि वर व्याज. त्यात नेमके खजिनदारच निघाले. टॅलीवाले काका, पैसे देऊन झालेत हो.

चाळीतली_चिऊ
ताईच्या सोसायटीत गेटवर अ‍ॅप आलंय. पाहुणा आला की वॉचमनने फोटो काढून बटण दाबायचं. वॉचमनकाका सगळं जुन्या वहीतच लिहितात आणि रात्री एकदम पन्नास बटणं दाबतात. अ‍ॅपच्या हिशेबाने सगळे पाहुणे रात्री दहाला येतात.

ईडीपी_निवृत्त
चिऊताईंनी उत्तर दिलंच आहे, त्यांना ठाऊक नसलं तरी. सचिवसाहेब, एकच सांगा: सभासदाने चेक दिल्यावर तो सॉफ्टवेअरमध्ये कोण चढवतं आणि कधी?

त्रस्त_सचिव
मॅनेजर पावतीपुस्तकात लिहितो. शनिवारी त्याचा भाचा येऊन संगणकावर चढवतो. सध्या भाच्याची परीक्षा चालू आहे म्हणून जरा मागे पडलंय. पण याचा काय संबंध?

बोरिवली_स्लो
याचा काय संबंध!!! हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं.

ईडीपी_निवृत्त
संबंध सगळाच आहे. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचना. अमुक तारखेपर्यंत जमा दिसली नाही तर व्याज लाव, बिल छाप. त्याने तेच केलं. माहिती प्रणालीत सॉफ्टवेअर येतंच, शिवाय यंत्र, विदा (म्हणजे डेटा), माणसं आणि कामाची ठरलेली रीत येते. म्हणजे तुमचा मॅनेजर, पावतीपुस्तक, भाचा, भाच्याची परीक्षा, हे सगळं प्रणालीच्या आत. प्रणाली तुमच्याकडे सॉफ्टवेअरच्या आधीपासून आहे. १९६० च्या सहकार कायद्याखाली 'आय' नमुन्यातलं सभासद रजिस्टर ठेवावं लागतं ना? तेव्हा कुठल्या सोसायटीत संगणक होता? तुमची प्रणाली पूर्वीही लंगडत होती, आता लंगडी बिलं वेळेवर छापून येतात एवढंच.

सभेसाठी दोन ओळी: 'सॉफ्टवेअर विकत घेता येतं. माहिती प्रणाली आपल्यालाच चालवावी लागते, सॉफ्टवेअर तिचा एक भाग.'

गिरगावचा_दिन्या
+१. डबेवाले बघा. १८९० पासून माहिती प्रणाली चालू, सॉफ्टवेअर शून्य.

तर्ककर्कश
उगाच काहीही. झाकणावर रंगाने खुणा केल्या की लगेच माहिती प्रणाली? मग धोब्याची खूणही प्रणालीच.

गिरगावचा_दिन्या
हो, धोब्याचीही! डबा कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला, सगळं त्या झाकणावर असतं. ते वाचून वर्गवारी करणारी माणसं ठरलेली, वेळ ठरलेली, आणि रिकामा डबा त्याच खुणांवर परत घरी. नोंद आहे, माणूस आहे, रीत आहे. अजून काय हवं?

तर्ककर्कश
आता सिक्स सिग्मा, म्हणजे जवळजवळ शून्य चुकांचा तो दर्जा, काढू नका म्हणजे झालं.

गिरगावचा_दिन्या
काढणारच होतो.

कायदा_बघा_आधी
सचिव, भाडेकरू ठेवलेल्या फ्लॅटना बिनभोगवटा शुल्क किती लावता? सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. बऱ्याच सोसायट्या सर्रास घेतात.

त्रस्त_सचिव
ते विचारलंच नव्हतं. दहाच घेतो.

कायदा_बघा_आधी
बरं, मग व्याज बघा. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) थकबाकीवर सरळव्याजच, तेही जास्तीत जास्त वर्षाला २१ टक्के. तुमचं सॉफ्टवेअर व्याजावर व्याज तर लावत नाही ना?

ईडीपी_निवृत्त
हा मुद्दा पक्का आहे, मघाशी माझ्या डोक्यात आला नाही. दोन-तीन जुन्या थकबाकीदारांची बिलं काढून हाताने गणित करा. आकडे जुळले नाहीत तर तो दोष सॉफ्टवेअरचा, त्याला भाचा जबाबदार नाही.

त्रस्त_सचिव
आत्ता तीन बिलं तपासली. तिन्हींत व्याजावर व्याज आहे. सापडला! म्हणजे पैसे अडवता येतील?

बोरिवली_स्लो
थांबा. व्याजाचा नियम त्याला कोणी कळवला होता?

त्रस्त_सचिव
मीच. व्हॉट्सअ‍ॅपवर. '२१%' एवढंच लिहिलं होतं. सरळव्याज हे त्याला कळायला नको का?

तर्ककर्कश
नको. सांगितलं नाही ते त्याने का करावं?

चाळीतली_चिऊ
सोसायट्यांची सॉफ्टवेअरं विकतो ना तो? मग उपविधी त्याला माहीत हवेतच. मी सचिवांच्या बाजूने.

ईडीपी_निवृत्त
भांडू नका, दुखणी दोन आहेत. व्याजाची सूत्रं त्याने दुरुस्त करून द्यावीत, तोपर्यंत थोडी रक्कम मागे ठेवणं रास्त आहे. रोजची जमा त्याच दिवशी चढवायची हे मात्र तुमच्या घरचं काम, त्यासाठी त्याचे पैसे अडवू नका. आणि पत्र नीट वाचा. 'माहिती प्रणाली' या शब्दाखाली त्याने नक्की काय काय कबूल केलंय?

त्रस्त_सचिव
पत्र सापडलं. मागे परिशिष्ट आहे, मी कधी उलटून पाहिलंच नव्हतं. 'सॉफ्टवेअर बसवणे, जुन्या नोंदी चढवणे, संबंधित कर्मचाऱ्यांना दोन सत्रं प्रशिक्षण.'

बोरिवली_स्लो
प्रशिक्षण झालं?

त्रस्त_सचिव
झालं. दोन्ही सत्रांना मीच बसलो होतो. मॅनेजर तेव्हा गावी होता.

जुना_टॅलीवाला
टॅलीत हे झालंच नसतं.

ईडीपी_निवृत्त
काका, टॅलीतही चेक कोणीतरी चढवावाच लागतो.

त्रस्त_सचिव
ठीक. व्याज दुरुस्त होईपर्यंत दहा हजार मागे ठेवू, बाकी देऊन टाकू असं सुचवतो. मॅनेजरला शिकवायला तिसरं सत्र मागतो, त्याचे वेगळे पैसे लागले तर लागले. खजिनदारांचं व्याज आधी माफ करावं लागेल, नाहीतर ते सभेत काही बोलूच देणार नाहीत. सगळ्यांचे आभार.

चाळीतली_चिऊ
भाच्याचा निकाल लागला की कळवा.